वनौषधी आणि अंड्याची 'गुणवत्ता' : कुक्कुट-आहारशास्त्रातील एका संशोधनप्रवाहाचे परीक्षण

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात वनौषधींची पूड, अर्क अथवा तेल मिसळावे आणि त्याचा अंड्याच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो ते पाहावे, हा विषय गेल्या दोन-तीन दशकांत पदव्युत्तर प्रबंधांच्या क्षेत्रात चांगलाच रूढ झाला आहे. लसूण, हळद, तुळस, शेवग्याचा पाला, मेथी, आले, शतावरी, कढीपत्ता अशी एकेक वनस्पती घ्यावी, तिचे शेकडा अर्धा, एक व दोन असे प्रमाण ठरवावे, आठ-दहा आठवडे प्रयोग चालवावा आणि अखेरीस 'अंड्याच्या गुणवत्तेत सुधारणा आढळून आली' असा निष्कर्ष काढावा, असा या लेखनाचा एक साचाच बनून गेला आहे. या साच्यातून जे ज्ञान हाती येते त्याचे मोल किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय पुढे आला त्यामागील कारण क्षुल्लक नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. पशुपक्ष्यांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगभर पसरली. तिच्यामुळे प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू निर्माण होतात, हे ध्यानी आल्यावर स्वीडनने १९८६ साली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी होणारा हा वापर बंद केला. भारतात २०१९ च्या जुलै महिन्यात अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घालण्यात आली. प्रतिजैविके काढून घेतली तर त्यांच्या जागी काय द्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळे खराखुरा आहे. आणि अंडे हे रोजच्या आहारातील अन्न असल्याने त्यात औषधाचा अंश उतरू नये ही अपेक्षाही रास्तच आहे. ज्या देशाला वनस्पतिज औषधींची दीर्घ परंपरा आहे तेथील संशोधकांनी या दिशेने वळावे, यात नवल ते काय? आमचा आक्षेप विषयाला नाही. ज्या दोन शब्दांवर हे सारे संशोधन उभे आहे ते 'वनौषधी' आणि 'गुणवत्ता' हे दोन्ही शब्द बहुतेक ठिकाणी व्याख्येवाचून वापरले जातात, आणि म्हणून निष्कर्ष खरा की खोटा हे ठरविण्याची सोयच उरत नाही, असा आमचा आक्षेप आहे.

आधी दुसऱ्या शब्दाचा विचार करू. अंड्याची गुणवत्ता ही एक वस्तू नव्हे. कवचाची बळकटी, पांढऱ्या बलकाचा घट्टपणा, पिवळ्या बलकाचा रंग आणि अंड्यातील पोषक द्रव्यांची घटना ही किमान चार निरनिराळी अंगे त्या एका शब्दात सामावलेली आहेत. या चारही अंगांची शरीरातील उत्पत्ती वेगळी, मापनाची रीत वेगळी आणि त्यांच्यापासून लाभ होणारी माणसेही वेगळी असतात. कवच फुटले तर नुकसान उत्पादकाचे व वाहतूकदाराचे होते, बलकाचा रंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस सुखावतो, आणि मेदाम्लांच्या घटनेचा संबंध खाणाऱ्याच्या प्रकृतीशी असतो. असे असता यांपैकी एका अंगात फरक दिसला की 'गुणवत्ता सुधारली' असे सरसकट विधान करणे म्हणजे विद्यार्थ्याचे हस्ताक्षर सुधारले म्हणून त्याचे गणितही सुधारले असे म्हणण्यासारखे होय.

यांतील सर्वांत सहज बदलणारे अंग म्हणजे पिवळ्या बलकाचा रंग. कोंबडीला कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये स्वतः तयार करता येत नाहीत; ल्युटिन, झियाझँथिन यांसारखी द्रव्ये खाद्यातून मिळतील तेवढीच बलकात उतरतात. म्हणून कोणताही हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या अथवा लाल मिरचीची पूड दिली की रंग गडद होणार, हे प्रयोगाआधीच सांगता येते. आणखी असे की, हा फरक मूळ खाद्यावर अवलंबून असतो. पिवळ्या मक्यावर पोसलेल्या कोंबड्यांच्या बलकाला मुळातच रंग असतो. ज्वारी अथवा तांदळाची कणी यांवर पोसलेल्यांचा बलक फिकट असतो. शेवग्याच्या पाल्याची तीच पूड दुसऱ्या ठिकाणी मोठा परिणाम दाखवील, तर पहिल्या ठिकाणी जवळजवळ काहीच दाखविणार नाही. तेव्हा रंगपट्टीवरील आकडा वाढला हे सत्य असले, तरी त्यातून त्या वनस्पतीचा औषधी गुण सिद्ध होत नाही. तिच्यात रंगद्रव्य आहे एवढेच सिद्ध होते. हळदीच्या बाबतीत तर आणखी एक गल्लत संभवते. हळदीतील कर्क्युमिन पिवळे खरे, परंतु ते कॅरोटिनॉइड नव्हे आणि आतड्यातून त्याचे शोषणही अल्प होते. हळद पिवळी म्हणून बलक पिवळा, हे अनुमान दिसते तितके सरळ नाही.

पांढऱ्या बलकाचा घट्टपणा मोजण्यासाठी रेमंड हॉ यांनी १९३७ साली सुचविलेले एकक सर्वत्र वापरले जाते. फोडलेल्या अंड्यातील जाड बलकाची उंची आणि अंड्याचे वजन यांवरून ते काढतात. अमेरिकेतील प्रतवारीत ७२ व त्यावरील मूल्याची अंडी सर्वोच्च वर्गात पडतात. हे एकक सोयीचे आहे खरे, परंतु त्यावर अधिराज्य कोणाचे? कोंबडीचे वय, तिचा वंश, संसर्गजन्य ब्राँकायटिससारखे रोग आणि सर्वांत अधिक म्हणजे अंडे घातल्यापासून फोडीपर्यंत गेलेला काळ व त्या काळातील तापमान यांचे. अंडे बाहेर पडताच कवचाच्या रंध्रांवाटे कर्बद्विप्राणिल वायू निघून जाऊ लागतो, ताज्या बलकाचा सुमारे ७·६ असलेला सामू काही दिवसांत ९ च्या वर जातो आणि जाड बलक पातळ होत जातो. मे महिन्यात विदर्भात उघड्यावर राहिलेल्या अंड्यांच्या हॉ एककात जी घट होते तिच्यापुढे खाद्यातील चिमूटभर मुळीचा परिणाम कितीसा असणार? म्हणून या एककात फरक दाखविणाऱ्या प्रबंधास पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, सर्व गटांतील अंडी सारख्याच अवधीनंतर आणि मिसळलेल्या क्रमाने फोडली होती काय? नियंत्रण-गटाची अंडी सकाळी आणि औषधी-गटाची दुपारी फोडली गेली असतील, तर मोजले गेले ते घड्याळ, औषध नव्हे. दुर्दैवाने हा साधा तपशील बहुधा लिहिलेलाच नसतो.

कवचाच्या बाबतीत थोडे अंकगणित पुरेसे होईल. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते सुमारे वीस तासांत गर्भाशयातील ग्रंथींकडून बसविले जाते. त्याकरिता खाद्यात शेकडा साडेतीन ते चार इतके कॅल्शियम चुनखडी व शिंपल्यांच्या रूपाने दिलेले असते. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात १०० ग्रॅमला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात ही पूड शेकडा एक प्रमाणात आहे असे धरले, तर तिला पाल्यातून २२ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. म्हणजे एका कवचाच्या गरजेचा सुमारे नव्वदावा भाग. 'पाल्यातील विपुल कॅल्शियममुळे कवच जाड झाले' हे स्पष्टीकरण, अतएव, टिकत नाही. कवच खरोखर जाड झाले असेल तर त्याचे कारण शोषणात, धापेमुळे बिघडणाऱ्या रक्ताच्या आम्ल-अल्क समतोलात किंवा अन्यत्र शोधले पाहिजे, आणि तसे शोधल्याचे प्रबंधात दिसले पाहिजे.

आता पहिल्या शब्दाकडे, म्हणजे 'वनौषधी'कडे वळू. येथे लसणाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे, कारण पिवळ्या बलकातील कोलेस्टेरॉल लसणाने कमी होते की नाही यावर परस्परविरुद्ध निष्कर्ष एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहेत. 'पोल्ट्री सायन्स' मध्ये १९९१ साली लसणाचे तेल अल्प प्रमाणात दिलेल्या कोंबड्यांचा अभ्यास आला. त्यात बलकातील कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही. २००० साली लसणाची पूड शेकडा ३ पर्यंत देऊन अंड्यांच्या चवीचा अभ्यास झाला. त्यातही कोलेस्टेरॉल बदलले नाही. २००२ साली मात्र उन्हात वाळविलेला लसणाचा लगदा शेकडा २ ते १० या प्रमाणात देणाऱ्या अभ्यासात, प्रमाण वाढत जाईल तसतसे रक्तातील व बलकातील कोलेस्टेरॉल कमी होत गेल्याचे आढळले. नंतरचे लेखक या तिन्ही अभ्यासांचा उल्लेख करून 'लसणाविषयी मतभेद आहेत' असे एक वाक्य लिहितात आणि पुढे जातात. वस्तुतः येथे मतभेद आहे हेच अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. कारण या तिघांनी एकाच पदार्थाविषयी मत दिलेले नाही.

लसणाचा जो उग्र घटक म्हणून ॲलिसिन ओळखले जाते ते अखंड पाकळीत नसते. पाकळी चिरडली की ॲलिनेज नावाचे वितंचक ॲलिइन या द्रव्यावर क्रिया करते आणि तेव्हा ॲलिसिन तयार होते. अधिक उष्णता दिल्यास वितंचक नष्ट होते. आणि वाफेने ऊर्ध्वपातित केलेल्या तेलात ॲलिसिन नसून त्याच्या विघटनातून झालेली गंधकयुक्त द्रव्ये असतात. म्हणजे तेल, पूड आणि वाळविलेला लगदा हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीन पदार्थ आहेत. त्यांना एकच 'लसूण' हे नाव आहे एवढेच. ज्या प्रबंधात लसूण कोणत्या जातीचा, कसा वाळविला, किती दिवस साठविला आणि त्यात कोणते द्रव्य किती होते हे सांगितलेले नाही, तो प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येणार नाही. आणि जो पुन्हा करता येत नाही त्याला प्रयोग म्हणावे काय, हा प्रश्नच आहे. लसणाची निदान ओळख तरी निर्विवाद आहे. 'ब्राह्मी' म्हटले की कोठे बाकोपा मोनिएरी घेतात, तर कोठे मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. बाजारातील मिश्रणांची वेष्टने पाहिली तर अशी दहा-बारा नावे एका ओळीत आढळतात.

प्रमाणाचाही विचार हवा. शेकडा १० प्रमाणात कोंबडी दिवसाला सुमारे ११ ग्रॅम वाळलेला लसूण खाते. दीड किलो वजनाच्या पक्ष्याला हे प्रमाण इतके मोठे आहे की, त्याच हिशेबाने ६० किलोच्या माणसास दिवसाला ४४० ग्रॅम वाळलेला लसूण खावा लागेल! याला खाद्यपूरक न म्हणता खाद्यच म्हणावयास हवे. खाद्याचा दहावा हिस्सा बदलला की मका व पेंड कमी होतात, ऊर्जा व प्रथिने बदलतात, उग्र वासाने कोंबडी कमी खाण्याचाही संभव असतो. सर्व गटांचे खाद्य ऊर्जा व प्रथिने यांत तोलून घेतलेले नसेल, तर परिणाम औषधीचा की उणे झालेल्या मक्याचा, हे सांगता येत नाही.

कोलेस्टेरॉलच्या आकड्यातही एक खाच आहे. ते बलकाच्या एका ग्रॅममागे सांगावयाचे की अख्ख्या अंड्यामागे? समजा, एका ग्रॅमला १२ मिलिग्रॅम आणि बलक १७ ग्रॅम आहे. अंड्यात २०४ मिलिग्रॅम झाले. दुसऱ्या गटात ग्रॅममागे ११·५ मिलिग्रॅम, परंतु बलक १८ ग्रॅम असेल, तर अंड्यात २०७ मिलिग्रॅम होतात. प्रबंध 'घट' नोंदवील आणि खाणाऱ्याच्या पोटात अधिकच जाईल. शिवाय बलकातील कोलेस्टेरॉल हे पुढील पिलाच्या वाढीसाठी असते. यकृतात तयार झालेले मेदप्रथिनांचे कण ते बीजांडापर्यंत पोहोचवितात आणि निसर्ग ते सहजासहजी कमी होऊ देत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखणारे एटोर्व्हास्टॅटिन दिल्यावर ते शेकडा ४६ पर्यंत उतरले. परंतु ते प्रबळ औषध होते. त्याउलट बलकातील मेदाम्ले खाद्याबरोबर सहज बदलतात. जवस दिल्यास ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ले वाढतात, हे निःसंशय ठरलेले आहे. आणि इतके करून कोलेस्टेरॉल उतरविणे हीच 'गुणवत्ता' आहे काय? अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने २०१५ साली दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा काढून टाकली. ज्या मापाचे महत्त्व काळाबरोबर बदलते त्याला गुणवत्तेचा निरपवाद निकष मानून चालणार नाही.

तिसरा मुद्दा संख्याशास्त्राचा. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा कृषिसंशोधकांसाठीचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून आपल्याकडील कृषी व पशुविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना 'प्रायोगिक एकक' ही कल्पना परकी राहिलेली नाही. तरीही तीच सर्वाधिक मोडली जाते. चार गट, प्रत्येक गटात तीन पिंजरे आणि प्रत्येक पिंजऱ्यात चार कोंबड्या असा प्रयोग घ्या. खाद्य पिंजऱ्यातील एकाच भांड्यातून दिले जाते. म्हणून एकक पिंजरा हे होय, कोंबडी नव्हे. त्रुटीसाठी खरी स्वातंत्र्यमात्रा ८ आहे. कोंबडी मोजली तर ती ४४ भासते आणि नसलेला फरक सार्थ ठरण्याचा मार्ग मोकळा होतो. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिसरविज्ञानातील अशा प्रमादाची झाडाझडती घेऊन त्याला आभासी पुनरावृत्ती या अर्थाचे नाव दिले. कुक्कुटशास्त्रातही तशी झाडाझडती व्हावयास हवी.

याच्या जोडीला मापांची गर्दी असते. रंग, उंची, रुंदी, निर्देशांक, वजन, जाडी असे वीस गुणधर्म मोजले आणि प्रत्येकास शेकडा ५ ची पातळी लावली, तर औषधी पूर्णतः निष्प्रभ असूनही, ही मापे परस्परनिरपेक्ष धरल्यास, किमान एखादा 'सार्थ' फरक दिसण्याची संभाव्यता शेकडा ६४ आहे. प्रबंधाच्या सारांशात मग तेवढाच एक गुणधर्म येतो. उरलेले एकोणीस कोष्टकांत राहतात. उलटपक्षी, खरा पण लहान फरक हुडकण्याइतकी संख्याही घेतलेली नसते. हॉ एककाचे प्रमाणविचलन ८ आहे असे समजू आणि ३ एककांचा फरक ओळखावयाचा आहे असे धरू. पाचांपैकी चार वेळा तो ओळखता यावा अशी अपेक्षा असेल तर प्रत्येक गटात सुमारे ११४ स्वतंत्र मापने लागतील. बारा अंडी फोडून 'परिणाम नाही' असे लिहिणारा आणि 'परिणाम आहे' असे लिहिणारा, या दोघांचीही विधाने सारखीच निराधार ठरतात.

याचा अर्थ या क्षेत्रात चांगले काम झालेच नाही असा नव्हे. ग्रीसमध्ये १९९७ साली कोंबड्यांना थाइम ही सुगंधी वनस्पती देऊन बलकातील मेदाच्या ऑक्सिडीभवनावर तिचा काय परिणाम होतो हे तपासण्यात आले. पुढे २००५ साली रोझमेरी, ओरेगॅनो व केशर यांच्याबरोबर ई जीवनसत्त्वाचे एक रूप देऊन तुलना करण्यात आली. या कामाची मांडणी अनुकरणीय आहे. 'गुणवत्ता' हा मोघम शब्द बाजूला ठेवून मेद खवट होणे ही एकच ठाम घटना तेथे निवडली आहे. वनस्पतीतील द्रव्ये ऑक्सिडीभवन रोखतात या ज्ञात गुणावरून अपेक्षा आधी बांधली आहे. आणि परिणामाचे मोजमाप ज्याचा प्रभाव ठाऊक आहे अशा पदार्थाशी ताडून पाहिले आहे. नुसत्या रिकाम्या नियंत्रण-गटाशी तुलना केल्यास 'काही तरी होते' एवढेच कळते. परिचित पदार्थाशी तुलना केल्यास 'किती होते, आणि त्याहून स्वस्त साधन आहे की नाही' हे कळते. पशुपालकास हवे असते ते हेच.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आयुर्वेदाची दृष्टी समग्र आहे. अनेक द्रव्यांच्या संयोगातून येणारा गुण एकेका रसायनात शोधणे हा त्या परंपरेवर अन्याय होय. हा आक्षेप आदराने ऐकण्यासारखा आहे. परंतु समग्र योगाची परीक्षाही समग्रतेनेच करता येते. योग ठरीव असला, घटक ओळखलेले असले आणि तयार करण्याची रीत लिहिलेली असली म्हणजे झाले. द्रव्य कोणते, कोणत्या ऋतूत गोळा केलेले, कोणत्या अंगाचे, यांविषयी आयुर्वेदाचा काटेकोरपणा प्रसिद्धच आहे. 'औषधी मिश्रण, शेकडा एक' एवढ्या नोंदीवर तर एखादा वैद्यही समाधान मानणार नाही. परंपरेच्या नावावर ढिलाई खपविणे हाच परंपरेवरील खरा अन्याय होय.

या ढिलाईची किंमत कोण देतो, हे विसरता कामा नये. आपल्याकडे अंडी बहुधा शेकड्याच्या दराने विकली जातात. बलकाची उंची वा मेदाम्ले पाहून घाऊक बाजारात कोणी अधिक भाव देत नाही. तेव्हा खाद्याच्या प्रत्येक टनामागे पूरकाचा जो खर्च वाढतो तो लहान कुक्कुटपालकाला अंड्यांच्या संख्येतून किंवा फूट कमी होण्यातूनच भरून काढावा लागतो. आपल्या प्रबंधातील 'सुधारणा' हा शब्द उद्या एखाद्या विक्रेत्याच्या पत्रकावर छापला जातो आणि तो वाचून कर्जाऊ पैशावर चालणाऱ्या शेडमध्ये पोती उतरतात. प्रतिजैविकांना पर्याय शोधण्याचे काम खरे असल्यामुळेच खोट्या पर्यायांचा उपद्रव मोठा आहे. त्यांच्यावर विसंबून तुकडीच्या लसीकरणाकडे व स्वच्छतेकडे दुर्लक्ष झाले, तर हानी दुहेरी होते.

तेव्हा यापुढे या विषयावरील प्रबंध स्वीकारताना मार्गदर्शकांनी काही गोष्टींचा आग्रह धरावा, असे सुचवावेसे वाटते. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पटवून तिचा नमुना जतन करावा आणि किमान एका द्रव्याचे प्रमाण मोजून द्यावे. गुणवत्तेचे कोणते एक अंग मुख्य आहे ते प्रयोग सुरू होण्यापूर्वीच आराखड्यात लिहावे. एकक कोणते व त्यांची संख्या का पुरेशी आहे, याचा हिशेब मांडावा. अंडी फोडणाऱ्यास व रंग पाहणाऱ्यास गटाची माहिती नसावी. आणि फरक आढळला नाही तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे; शेकडा ३ लसूण देऊन काही घडले नाही, ही माहिती पुढच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष आणि काही शे कोंबड्यांचे खाद्य वाचवू शकते. या अटींनी प्रबंधांची संख्या कदाचित घटेल. परंतु जे उरतील त्यांच्या आधाराने कुक्कुटपालकास 'हे घाला' किंवा 'यावर पैसा घालू नका' असे निःशंकपणे सांगता येईल, आणि विद्यापीठाच्या संशोधनाकडून त्याची अपेक्षा एवढीच आहे.